स्वतःचं छोटंसं काहीतरी

"केस धुणाऱ्या ताई त्या तुम्हीच ना?" जिन्यात मागून कुणीतरी विचारलं, आणि कोण विचारतंय हे वळून पाहायच्या आधीच ती "हो" म्हणून मोकळी झाली. नंतर तिला बोचत राहिलं ते हेच. जरा अडखळली असती, "कोणत्या ताई?" असं विचारलं असतं, निदान घसा तरी खाकरला असता, तर स्वतःला समजवायला काहीतरी हाताशी राहिलं असतं. मागे पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी होती, पिशवी छातीशी धरून, चढून आल्यामुळे धापा टाकत. बाईंनी वर्गात रेकॉर्डिंग ऐकवलं, ती सांगू लागली. नाव नाही सांगितलं, पण ग्रंथालयाचे नियम समजावायला तुम्ही आमच्या वर्गावर आला होतात ना, त्यामुळे आवाज ओळखला. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "माझी आजी गेली तेव्हा मी शेजारच्या खोलीत मोबाइलवर गेम खेळत होते. कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमचं ऐकलं आणि काल आईला सांगून टाकलं." तिने मुलीच्या दंडावर हात ठेवला, डोकं किंचित कलतं केलं, आणि दीड वर्षात अंगवळणी पडलेल्या त्या मऊ, सावकाश आवाजात म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस." मुलीचे डोळे भरून आले. मुलगी दोनदोन पायऱ्या गाळत खाली पळाली, आणि ती मात्र कठड्याला धरून तिथेच उभी राहिली. शेजारणीकडून मागून आणलेल्या भांड्यात पाहुण्यांना वाढावं आणि पाहुण्यांनी नेमकं भांड्याचंच कौतुक करावं, तसं काहीसं तिचं झालं होतं.

कारण ती कधी केस धुवायला गेलीच नव्हती. वडील गेले त्या दुपारी ती दवाखान्याच्या आसपासदेखील नव्हती. ती खुर्ची, डोक्यावरून फिरणारी परक्या माणसाची बोटं, लागलेला डोळा आणि परत आल्यावर पलंगाभोवती ओढलेला पडदा, हे सगळं तिच्या धाकट्या भावाचं होतं. त्याने ते एकदाच, एकट्या तिलाच सांगितलं होतं आणि कुणाला सांगू नकोस म्हणाला होता. तिने ते स्वतःचं म्हणून सांगितलं, आणि आता पहिल्या वर्षाच्या पोरी ते ऐकून आपापल्या आयांपाशी मोकळ्या होत होत्या. हा धाकटा आज दुपारी शहरात येणार होता. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. कंपनीचं कसलंसं प्रशिक्षण होतं, दोन रात्री तिच्या खोलीवर राहणार होता आणि किल्ली घ्यायला इथेच, या इमारतीत येणार होता. "फाटकाशी थांब, आत येऊ नकोस," असं तिने फोनवर तीन वेळा बजावलं होतं. "का गं, आत वेड्यांना ठेवलंय का?" तो हसून म्हणाला होता. उपयोजित मानसशास्त्राला ती गेल्यापासून त्याचा हा एकच विनोद होता, आणि तो त्याने कधी जुना होऊ दिला नव्हता.

सरावाच्या तासाचा नियम तसा सरळ होता. तिघांचा गट, तीन खुर्च्या. एकाने समुपदेशक व्हायचं, एकाने क्लायंट, आणि तिसऱ्याने कोपऱ्यात बसून दोघांचं बोलणं-वागणं टिपायचं. क्लायंट होणाऱ्याने नाटक मात्र करायचं नाही. "स्वतःचं छोटंसं काहीतरी आणा," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "स्वतःचं, कारण खोट्या रडण्याने समोरचा काही शिकत नाही. आणि छोटंसं, कारण मोठं काही सांभाळण्याएवढे तुम्ही अजून कुणीच तयार नाही." मुलं तसं काहीतरी आणायची. कुणी घरमालकाशी झालेली बाचाबाची आणायचा, कुणी मैत्रिणीने न दिलेलं उत्तर, कुणाला गाडी शिकायची धास्ती. तिने आणला तो वरच्या मजल्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज. पहिल्यांदा आणला तेव्हा ठीक होतं. दुसऱ्यांदाही तोच आणला, तिसऱ्यांदाही. समोर समुपदेशक म्हणून बसायचा तो वर्गमित्र, ज्याला सगळे हुंकार म्हणायचे, कारण कुणी काहीही बोललं तरी तो मान डोलावत "हं... हं" करायचा, अगदी उपाहारगृहात बिल सांगणाऱ्यालाही. तो बिचारा त्या खुर्चीच्या आवाजालाही मनापासून हुंकार द्यायचा. तिसऱ्या वेळी मात्र त्याच्याही हुंकारातला जीव गेला. त्यानंतर बाईंनी तिला खोलीत बोलावून घेतलं. बाई कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं परतवताही येत नसे. "तू फार कोरडी बसतेस," त्या म्हणाल्या. "पुढच्या सत्रात खरी माणसं समोर येतील. क्लायंटच्या खुर्चीत तुला स्वतःलाच बसता येत नसेल, तर मी त्यांना तुझ्यासमोर बसवणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस." वाईट वाटून घेऊ नकोस म्हटलं की माणूस हमखास घेतोच. तिने घेतलं. रात्रभर ती स्वतःचं काही शोधत बसली, आणि नव्हतं अशातला भाग नव्हता. होतं. पण जे होतं त्याला हात लावायचा म्हणजे एक फोन आठवायचा, आणि त्या फोनपाशी आलं की तिचं मन तोंड फिरवून भलतीकडेच चालू लागायचं.

दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत बसली तेव्हा तिने काही ठरवलं नव्हतं, असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. ते पुरतं खरं नव्हतं. खोलीत कागदी रुमालांचा खोका होता, भिंतीवर रंग उडालेला एक चौकोन होता, टेबलावर रेकॉर्डिंगचा लाल दिवा होता. हुंकार थोडा पुढे वाकून म्हणाला, "आज कुठून सुरुवात करावीशी वाटते?" आणि ती म्हणाली, "माझे वडील गेले तेव्हा मी खाली केस धुवायला गेले होते." वाक्य इतकं सहज आलं की तिचं तिलाच ते ऐकू आलं, दुसऱ्या कुणी म्हटल्यासारखं. मग मागे फिरता आलं नाही, आणि फिरायची इच्छाही नव्हती. समोरच्याचा चेहरा बदलला होता. दीड वर्षात पहिल्यांदाच तिच्याकडे कुणी असं पाहत होतं. तिने न्हाव्याच्या दुकानाचं पार्लर केलं. भावाच्या खाजणाऱ्या दाढीच्या जागी कित्येक दिवस न धुतलेले केस आणले. न्हाव्याच्या जागी एक हसरी मुलगी उभी केली, तिच्या तोंडी "ताई, डोक्याला मालिश करून देऊ का?" असं घातलं, आणि आपण नको नको म्हणत हो म्हटल्याचं सांगितलं. एवढं सगळं तिने बोलता बोलता केलं, एकही टाका न चुकवता. या हुशारीची आठवण झाली की आजही तिचे कान तापतात. "मग माझा डोळा लागला," ती म्हणाली. "त्या मुलीने मला उठवलंच नाही. वर गेले तर नर्स म्हणाली, कुठे होतात, ते तुम्हाला हाक मारत होते." आणि इथे ती रडली. खरीखुरी, नाकातोंडातून, श्वास अडकेपर्यंत. हुंकार हुंकार द्यायचा विसरला. कोपऱ्यातल्या मुलीची पेन्सिल थांबली. बराच वेळ खोलीत कुणीच काही बोललं नाही, आणि तीच शांतता बाई आता पहिल्या वर्षाला ऐकवतात: बघा, समुपदेशकाने इथे घाई केली नाही.

ती का रडली, हे तिला ठाऊक होतं. हेच तर खरं लाजिरवाणं होतं. वडिलांनी हाक मारली होती ती धाकट्याला. गुंड्या, गुंड्या, अशी. घरात त्याला सगळे गुंड्याच म्हणतात. अंगाने काटकुळा, म्हणून कुणीतरी चेष्टेने ठेवलेलं नाव तेच पडून गेलं. शेवटच्या घटकेला वडिलांच्या तोंडी तिचं नाव आलं नव्हतं. येण्याचं कारणही नव्हतं, ती तिथे होतीच कुठे? पण "ते मला हाक मारत होते" हे वाक्य तिने मोठ्याने म्हटलं, आणि क्षणभर तसंच घडलं असावं असं वाटून ती ढसाढसा रडली. भावाचं दुःख तिने नुसतं उसनं घेतलं नव्हतं. त्याच्या वाट्याला आलेली हाकही तिने स्वतःकडे वळवून घेतली होती.

आणि एवढ्यावरच ती थांबली असती तरी चाललं असतं. हुंकाराने हळूच विचारलं होतं, "त्या वेळी घरचं आणखी कुणी होतं का सोबत?" तेव्हा ती म्हणाली, "भाऊ आहे. सकाळी त्याला फोन केला होता. आज येतोस का म्हटलं. तो म्हणाला, उद्या सकाळी येतो." हुंकाराच्या कपाळावर एक बारीक आठी उमटून गेली. शिकलेला होता, लगेच पुसून टाकली. पण तिने पाहिली, आणि पाहून तिला हायसं वाटलं. ती आठी आपल्या वाट्याची आहे, हे तिला गेली दोन वर्षं ठाऊक होतं. खरं तर फोन धाकट्यानेच तिला केला होता. "ताई, आज येतेस का?" एवढंच विचारलं होतं, ये म्हणाला नव्हता, बाबांचं जास्त आहे असंही नाही. तिची त्या दिवशी इथल्याच प्रवेशाची मुलाखत होती. इस्त्री केलेले कपडे हँगरला होते, पावडरचा डबा उघडा होता, फोन खांद्याने कानाशी धरून ती चपलेचा पट्टा लावत होती. "उद्या सकाळी येते," ती म्हणाली. "बरं," तो म्हणाला. मुलाखतीत बाईंनी विचारलं होतं, या क्षेत्रात का यावंसं वाटतं? तिने सांगितलं होतं, मला माणसांचं ऐकून घ्यायला आवडतं. आणि तिला प्रवेश मिळाला होता.

धाकट्याने तिला सांगितलं ते बाबा गेल्यानंतर, त्यांचा लोखंडी पलंग मोडताना. भाड्याने आणलेला होता, परत द्यायचा होता. तो जमिनीवर पाठीवर पडून पलंगाखालचे नट ढिले करत होता, ती वरून पट्ट्या धरून उभी होती. त्याचं तोंड तिला दिसत नव्हतं, फक्त पाय दिसत होते, आणि पान्याचा आवाज. "मी नव्हतो तिथे, ताई," तो पलंगाखालून म्हणाला. सांगून झाल्यावरही तो बराच वेळ तसाच पडून राहिला. नट केव्हाच निघाला होता. "आईला वाटतं त्यांचा हात माझ्या हातात होता. तसंच वाटू दे. कुणाला बोलू नकोस." ती म्हणाली, "वेडा आहेस का?" म्हणजे नाही सांगणार, असं. घरात आश्वासनं अशीच दिली जातात. त्यानंतर तो कधी न्हाव्याच्या दुकानात गेला नाही. एक यंत्र विकत आणून मोरीच्या आरशात स्वतःच केस कापतो. मागे हात पोचत नाही म्हणून तिथे पायऱ्यापायऱ्या राहतात. कामावरची माणसं चिडवतात. आई म्हणते, चिकटपणा तरी किती करावा पोराने.

आज दुपारी ती वेळेच्या आधीच फाटकाशी जायला निघाली होती. पण बाईंनी दारातूनच हाक मारली. हातातलं काम बाजूला सारून त्यांनी तिला समोर बसवलं, आणि हा मान त्या सहसा कुणाला देत नसत. "पुढच्या आठवड्यापासून तू खऱ्या क्लायंटसोबत बसशील," त्या म्हणाल्या. "आणि आणखी एक. दुसऱ्या महाविद्यालयांचे शिक्षक येणार आहेत, त्यांना तुझं रेकॉर्डिंग ऐकवायचं म्हणते. तुला चालणार असेल तरच." मग म्हणाल्या, "तुझ्याबद्दल मी घाई केली होती तेव्हा. कोरडी म्हटलं. चुकले मी." बाईंनी असं म्हणायला नको होतं. त्या रागावल्या असत्या तर तिला कदाचित खरं सांगता आलं असतं. समोरचं माणूस स्वतःहून चूक कबूल करत असताना त्याला तुम्ही चुकला नव्हतात, मी कोरडीच आहे, असं सांगायचं कसं? तिने तोंड उघडलं. ते माझं नाही, एवढंच म्हणायचं होतं, सारा मिळून एवढासा मजकूर. "चालेल," ती म्हणाली. बाईंनी तिचा हात थोपटला, आणि तो हात घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिला तो कुठे ठेवावा ते कळेना.

मधल्या बोळात, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर, धाकटा बसला होता. पायाशी अवजारांची पिशवी, मांडीवर हेल्मेट, मानेवर त्या पायऱ्या. आणि शेजारी हुंकार. तो पुढे वाकून बसला होता, तसाच, सरावाच्या खोलीतल्यासारखा.

"अगं, हे फाटकाशी उन्हात उभे होते," तिला पाहून हुंकार म्हणाला. "तुझा भाऊ म्हणाले, म्हणून आत घेऊन आलो."

"चल," ती धाकट्याला म्हणाली. "निघू या."

"पाणी तर पिऊ दे," तो म्हणाला. त्याच्या आवाजावरून काही कळत नव्हतं. त्याने पेला भरला, निम्मा प्यायला, उरलेल्याकडे बघत राहिला.

हुंकार उठला. उठताना त्याचा चेहरा लाल झाला होता. चांगला मुलगा होता तो, खरोखर चांगला. वर्गात कुणाचं काही बिनसलं की पहिला धावणारा. खोलीतलं बोलणं खोलीबाहेर काढायचं नाही हे तो इतरांना शिकवायचा. पण चांगुलपणा असा अंगात चढला की नियम कुठे आठवतात? "दादा," तो धाकट्याला म्हणाला, "मी मघाशी बोललो त्याचा राग मानू नका. मला बोलायचा अधिकार नाही, हे मला माहीत आहे. पण तुमची बहीण त्या दिवशी एकटी होती. तुम्ही 'उद्या सकाळी येतो' म्हणालात, त्याबद्दल ती तुम्हाला कधी काही बोलणार नाही. तुम्हीच एकदा तिच्याशी बोला. तेवढ्यानेही तिला बरं वाटेल."

तिला वाटलं, आता. आता तो म्हणेल, कोण एकटी होती? काय बोलताय तुम्ही? नंतर आठवलं की तिला आणखी लाज वाटायची, कारण त्या क्षणी तिला भावाची नाही, स्वतःचीच काळजी वाटली होती. बाईंची खोली तिथून चार पावलांवर होती आणि दार उघडं होतं.

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. लिफ्ट कुठे अडकलीय हे तो नुसत्या आवाजावरून ओळखतो, असं त्याच्या कामावर म्हणतात. त्याने पेला उपडा करून ठेवला आणि हुंकाराकडे वळून म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. चुकलंच माझं. कामात होतो त्या दिवशी." मग पिशवी खांद्याला लावत, "बोलतो मी तिच्याशी."

हुंकाराने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. "थँक यू," तो म्हणाला. त्याचे डोळे ओले झाले होते.

रस्त्यावर ती दोघं चालत राहिली. दुकानांची दारं अर्धी ओढलेली होती, एका गाळ्यात कुणीतरी वेल्डिंग करत होतं, आणि त्या निळ्या उजेडाकडे बघू नये म्हणून धाकट्याने सवयीने तिच्या डोळ्यांपुढे हेल्मेट धरलं. त्याने हे असं काही करायला नको होतं. तिच्या डोक्यात वाक्यं जमत होती आणि सगळीच वर्गातली होती. तुला आत्ता काय वाटत असेल. तुझा राग मी समजू शकते. यातलं एकही त्याच्यापुढे म्हणता येण्यासारखं नव्हतं. दीड वर्ष ती परक्या माणसाशी कसं बोलावं ते शिकत होती, आणि पाठच्या भावाशी कसं बोलायचं हे ती त्याआधीच केव्हातरी विसरून गेली होती.

"गुंड्या," ती शेवटी म्हणाली, "तू ऐकून का घेतलंस?"

"मग काय करायचं होतं? सगळ्यांसमोर तुला खोटी ठरवू?" तो म्हणाला. "तुझं वर्ष आहे ना हे शेवटचं."

"मी बाईंना सांगते उद्या. रेकॉर्डिंग ऐकवतात त्या सगळ्यांना, ते माझं नाही म्हणून."

"मग कुणाचं म्हणून विचारतील."

तिला हे सुचलंच नव्हतं. कबूल करायचं म्हटलं तरी त्याच्याच गोष्टीला पुन्हा हात लावावा लागणार होता. "नाव नाही सांगणार," ती म्हणाली.

"त्या मघाच्या मुलाला कळून चुकेल लगेच. त्याने माझं तोंड बघितलंय." धाकटा म्हणाला, "लावू नका म्हणून सांग फक्त. कुणालाच ऐकवू नका म्हण. आईच्या कानावर जायला नको."

"सांगते."

बसथांब्यावर सावली होती. दोघं बसली. पिशवी दोघांच्या मध्ये ठेवावी की पलीकडे, असा त्याने जरा विचार केला आणि पलीकडे ठेवली. तिला एवढ्याशा गोष्टीने रडू येईलसं वाटलं, आणि तिने ते गिळलं, कारण आता रडायचा हक्क आपला नाही हे तिला पुरतं कळलं होतं.

"रडलीस का सांगताना?" त्याने विचारलं.

"हो."

"खूप?"

"हो."

त्याने मान डोलावली. त्यात राग नव्हता. कामावरची अडलेली एखादी गोष्ट दुसऱ्याला जमली हे ऐकावं, तसं त्याने ते ऐकलं. "मला अजून नाही आलं," तो म्हणाला. "आई रडते, मी बघत बसतो. वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे." मग रस्त्याकडे बघत, "मला सांग ना कसं सांगितलंस ते. बघू, येतं का."

"नको, गुंड्या."

"त्यांना सांगितलंस. मला सांगायला काय झालं?"

तिने सांगायला सुरुवात केली. खोलीतला तो आवाज आला नाही. फाटका, हवा गेलेला, मधेमधे तुटणारा आवाज येत होता, आणि आपलंच सामान रस्त्यात एकेक करून काढून दाखवावं तसं तिला होत होतं. केस धुवायला गेले म्हणून सांगितलं मी. पार्लर केलं. तो ऐकत होता. फोनपाशी आल्यावर ती थांबली. "ते झालं. कळलं मला. पुढे," तो म्हणाला. ती पुढे गेली. ती मुलगी हसरी होती. तिने विचारलं, डोक्याला मालिश करून देऊ का? मी नको म्हणत होते, पण ती आग्रह...

"तिने विचारलं?" धाकटा म्हणाला.

"हं."

"पण न्हाव्याने नव्हतं विचारलं, ताई. त्याचं झालं होतं. कापड झटकलं होतं त्याने माझ्या अंगावरचं. मीच म्हटलं, जरा डोकं चोळून दे. वर जायचं नव्हतं मला एवढ्यात. कंटाळलो होतो बाबांना." शेवटचा शब्द त्याने अगदी हळू म्हटला. "हे मी सांगितलं होतं तुला तेव्हा."

सांगितलं होतं. पलंगाखालून, याच शब्दांत. ती विसरली नव्हती. त्या खोलीत, लाल दिव्यासमोर, तेवढंच तिने उचललं नव्हतं. डोळा लागल्याबद्दल जग माफ करतं, आग्रहाला बळी पडल्याबद्दलही करतं. सगळ्यांनी कुरवाळावं असं सगळं तिने घेतलं होतं, आणि ज्याला कुणी हात लावणार नाही ते त्याच्याकडेच ठेवून दिलं होतं.

"ते नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"का?"

"लाज वाटली," ती म्हणाली. "माझंच म्हणून सांगत होते ना. माझ्या तोंडून तसं..."

समोर एक बस येऊन थांबली, दारं उघडली, कुणी चढलं नाही, दारं मिटली. त्याने मानेमागे हात नेला आणि वाकड्यातिकड्या कापलेल्या केसांवरून दोन-तीनदा उलटासुलटा फिरवला.

"तेवढं सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "कुणीतरी ऐकलं असतं ते."